साडेतीन बेटं

मालक गेले थायलंडला.
कारखाना आठवडाभर बंद,
आणि तिथून रोज फोनवर फोटो:
निळं पाणी, निमुळती होडी,
मालकीणबाईंच्या डोक्यावर भाकरीच्या टोपल्याएवढी टोपी.
खाली लिहिलेलं – आज एका दिवसात चार बेटं केली.

यादगिरीनं फोटो बोटांनी मोठा केला,
पान या गालातून त्या गालात नेलं.
"बेटं काय, आपल्यातबी हायेत की बे."

म्हणून टॉवेलचे गठ्ठे वाहणारा छोटा हत्ती
पहाटे चारला पूर्व भागातून निघाला,
मागं गठ्ठ्यांच्या जागी आम्ही:
अम्मा, मी, शिवलीला, तिचा मल्लिनाथ,
जैबुन आणि तिची तीन पोरं,
फडक्यात कडक भाकरी, शेंगाचटणी,
आणि एक कलिंगड, जे टेंभुर्णीपर्यंत
माझ्याच पायावर येऊन झोपत होतं.

मे महिना. उजनी उतरलेली.
पाणी मागं सरकलं की
बुडालेले माळ म्हशींसारखी पाठ वर काढतात.
सुदाम भोयाची होडी पत्र्याची, डांबर फासलेली.
अम्मा जन्मात पहिल्यांदा होडीत बसली,
काठ धर म्हटलं तर तिनं माझी वेणी धरली
आणि थेट उतरेपर्यंत सोडली नाही.

पहिलं बेट पक्ष्यांचं.
वास असा की कुणीच उतरलं नाही.
दुसऱ्यावर बाभळीची तीन वाळकी खोडं,
पोरांनी नाव ठेवलं थायलंड
आणि पाच मिनिटांत त्यावरून भांडणही केलं.

तिसऱ्यावर चादर अंथरली.
सेकंडातली, म्हणून घरी राहिलेली,
एका मोराला तुरा नाही.
वाळू नव्हती, शिंपल्यांचा चुरा होता,
चादरीतून टोचायचा.
सुदामनं तीन दगडांवर चिलापी तळली.
मल्लिनाथ माळकरी, त्यानं पाठ फिरवून दही-भाकरी खाल्ली,
पण वास मात्र घेतला असावा,
कारण शिवलीला हसत होती.

मग कुणी काहीच केलं नाही.
म्हणजे खरंच काही नाही.
यादगिरी तोंडावर टोपी घेऊन पडला,
अम्माचे पाय घोट्यापर्यंत पाण्यात,
मी बसल्या बसल्या टॉवेलच्या कडा दुमडत होते,
हातात टॉवेल नसताना.
जैबुननं माझी बोटं धरून थांबवली.
"ऐक," म्हणाली.
मी ऐकलं.
"काही वाजत नाही गं."
"तेच."

चौथ्याकडे जाताना सुदामनं
सरळ पाण्यात लांबलचक वळसा घेतला.
काही दिसत नव्हतं तिथं, ना खडक, ना जाळं.
"खाली विहीर आहे आमची."
मल्लिनाथ म्हणाला, "वर चार पुरुष पाणी, लागंल कशी?"
"लागत नाही हो.
पण विहिरीवरनं कसं जायचं?"
पोरं होडीच्या काठावरून वाकून बघत राहिली.
धाकटा 'ओ' म्हणून ओरडला,
आणि उत्तराची वाट बघत
बराच वेळ गप्प बसला.

चौथं बेट एवढंसं,
सगळे उभे राहिलो तर भरलं.
तिथं कलिंगड फोडलं.

संध्याकाळी यादगिरीनं मालकांना फोटो पाठवला,
आम्ही सगळे, मागं पिवळं पाणी,
अम्माच्या मुठीत माझी वेणी.
खाली लिहिलं – आज साडेतीन बेटं केली.
पहिल्याचं अर्धंच धरलं, त्यानं हिशोब सांगितला.
मालकांकडून अंगठा आला.

पाचव्या दिवशी रात्री दोनला
गल्लीत नळ आला.
सगळ्या दारांतून प्लास्टिकची पिंपं ओढल्याचा आवाज,
कुणाची तरी मोटार, कुणाची तरी शिवी.
मी पहिला तांब्या भरून तोंडाला लावणार
तेवढ्यात अम्मा अंथरुणातनं म्हणाली,
"थांब गं, गाळून घे.
त्यात माझे पाय आहेत."